विषय: अमळनेरचा निंब आणि बूम लिफ्ट

मंडळी, नमस्कार.

अमळनेरच्या आमच्या अंगणात आजोबांच्या वेळचा निंब आहे. त्याची एक जाड फांदी गच्चीवरच्या टाकीवर झुकलीय, दुसरी ओसरीच्या पत्र्यावर घासते. आई म्हणते, पावसाळ्याआधी बघा काहीतरी. इथे न्यू जर्सीत मी गाडीमागे ओढून आणायची बूम लिफ्ट (लांब दांड्याच्या टोकाला माणूस उभा राहायचा पाळणा असलेलं यंत्र) भाड्याने घेतो, छपराच्या पन्हळी साफ करतो, मेपल छाटतो, संध्याकाळी परत देतो. तिकडे असं काही मिळतं का? बाहेरचा रंगही त्याच दिवशी उरकावा म्हणतो. मे महिन्यात येतोय.

– धाकटा, अमळनेरकर

*

अरे भाऊ,

मिळते. जळगाव-धुळ्याकडे शेडची, होर्डिंगची कामं करणाऱ्यांकडे चौकशी कर, पण ऑपरेटरसकट घे, स्वतः चालवायची हौस न्यू जर्सीतच भागव. कुणी स्वस्तात जेसीबी आणतो, बकेटमध्ये माणूस उभा करतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

यंत्राआधी जमीन बघ. आपली काळी माती मे महिन्यात वरून टणक दिसते, आत हात जाईल एवढ्या भेगा असतात. एक वळीव पडला की यंत्राला आधार देणारा जॅक खचलाच. चारही जॅकखाली जाड, रुंद फळ्या हव्यात. आणि शौचालयाची टाकी कुठे आहे ते आईला नीट विचार. आमच्या चोपड्याच्या गल्लीत निम्म्या लोकांनी टाकीवर फरशी घालून वर अंगण केलंय, ऑपरेटरला ते कसं दिसणार? पन्नास फूट वर पाळणा असताना एक जॅक चार बोटं खाली गेला तरी वरचा माणूस केवढा झोका खातो, ते मी पाहिलंय.

पाळण्यातल्या माणसाने हार्नेसची, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याची दोरी पाळण्यातल्या कड्यालाच अडकवायची. झाडाला बांधली आणि पाळणा हलला, तर मधे माणूसच ताणला जातो. बऱ्याच लिफ्टवर वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर लिहिलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वावटळ सांगून येत नाही. काम सकाळीच.

जाड फांदी एका कापात काढू नये. आधी खोडापासून हातभर लांब, खालून थोडी खाच. मग त्याच्या जरा पुढे वरून काप. वजन उतरलं की राहिलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. रंग त्याच दिवशी मुळीच नको, सगळा भुसा ओल्या भिंतीवर.

– आप्पा

*

आप्पांचं सगळं बरोबर, पण तारेचं कुणी बोललंच नाही! धाकट्या, तू दिवाळीत टाकलेल्या फोटोत निंबाशेजारी पोल दिसतोय. माझी नोकरी लाइनवरच्या लोकांबरोबर गेली म्हणून सांगते.

भाड्याची बूम लिफ्ट बहुधा इन्सुलेटेड (वीज अडवणारी) नसतेच. तुमच्या अमेरिकेत ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून १० फूट लांब राहायचा नियम आहे, आपली ११ केव्ही (किलोव्होल्ट) लाइन त्यातच आली. शिवाय ओली फांदी तारेवर पडली तर ती फांदी धरणाराही गेला. महावितरणला १९१२ वर कळव, सेक्शन ऑफिसात अर्ज दे, लाइन बंद करून अर्थिंग (तार जमिनीला जोडणं) झाल्याचं वायरमनने समोर सांगितल्याशिवाय पाळणा वर जाऊ देऊ नको. घरातले दिवे गेले म्हणजे तार मेली असं नसतं. शेजारच्या जनरेटरचा करंट उलटा येतो.

नगरपरिषदेची हद्द आहे, तेव्हा १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागतो. वृक्ष अधिकाऱ्याकडेही अर्ज लागेल.

आणि मे कशाला रे? ४५ डिग्रीत आईच्या डोक्यावरची सावली काढणार? माघ-फाल्गुनात ये. निंबाची पानगळ असते, फांद्या मोकळ्या दिसतात, कावळ्यांची घरटी नसतात, मातीही वाळलेली असते.

– ताई, टोरांटो

*

ताई, आप्पा,

मोठी छाटणी फेब्रुवारीत. गच्चीवरची टाकी आत्ताच दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून घेतो. पत्र्यावर घासणारी फांदी मनगटाएवढीच आहे आणि तारेच्या विरुद्ध बाजूला. ती गच्चीवर उभं राहूनच लांब दांड्याच्या करवतीने निघेल, असं मामा म्हणतात. अर्ज दोन्हीकडे आत्ताच करायला लावतो. पोलचा नवा फोटो उद्या पाठवतो, ताई, तार ११ केव्हीची की घरगुती तेवढं सांगा.

– धाकटा