सप्ताहातील कीर्तनात व्यत्यय : पोलिसांनी लिहिलेले कलम ३०२ बरोबर आहे का?

टाळकरी (तासगाव तालुका)

राम कृष्ण हरी. आमच्या गावात दरवर्षी चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह होतो. यंदा सहाव्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास कीर्तन रंगात आले असताना एक वरात मंदिरासमोर आली. ती पुढे जाईल म्हणून बुवांनी अभंग थांबवला. परंतु डॉल्बीचा टेम्पो मंडपाच्या तोंडाशीच उभा करून आवाज आणखी वाढवण्यात आला. दोघा ज्येष्ठांनी हात जोडून विनंती केल्यावर वरातीतील एक तरुण ‘आता तुमचं बास करा’ असे म्हणत, देवाधर्मावरून अर्वाच्य बोलत मंडपात शिरला आणि त्याने माइकची वायर उपसली. त्या झटापटीत समई कलंडली. वीस मिनिटे कीर्तन बंद होते. पहाऱ्यावरच्या विणेकऱ्याने मात्र वीणा गळ्यातून उतरवली नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून तिची प्रत आमच्या हाती देण्यात आली. तिच्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम ३०२ आहे, आणि ते वाचून गावात भलतीच कुजबुज सुरू झाली आहे. काहीजण म्हणतात, धार्मिक भावना दुखावल्याचे कलम २९९ लावून घ्या. नेमके कोणते कलम लागते आणि शिक्षा किती आहे?

कोर्टाची पायरी (सांगली)

आधी कुजबुज थांबवा. खुनाचे ३०२ हे जुन्या भारतीय दंड संहितेतले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ म्हणजे कोणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे किंवा हावभाव करणे, जे पूर्वी कलम २९८ होते. हा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे आपल्याला एनसी मिळाली.

आपण सांगितलेली घटना मात्र शब्दांपुरती नाही. कायदेशीरपणे उपासना किंवा धार्मिक विधी करीत असलेल्या जमावात इच्छापूर्वक व्यत्यय आणणे हा कलम ३०० खालील गुन्हा आहे. पूर्वी तो कलम २९६ खाली येत असे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ३०२ ची शिक्षाही तेवढीच आहे. फरक असा की ३०० दखलपात्र आहे, त्यामुळे पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना तपास करता येतो. दोन्ही गुन्हे जामीनपात्र आहेत.

‘इच्छापूर्वक’ या शब्दाचा अर्थ कायद्याने बराच रुंद ठेवला आहे. आपल्या कृतीने असे घडण्याचा संभव आहे हे ठाऊक असणे, किंवा तसे मानायला कारण असणे, एवढेही पुरते. वरात रस्त्याने वाजत गेली यात गुन्हा नाही. विनंती झाल्यावरही टेम्पो तिथेच उभा ठेवणे ही गोष्ट वेगळी, आणि वायर उपसण्याबद्दल तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. २९९ च्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी एखाद्या वर्गाच्या धर्माचा अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केल्याचे दाखवावे लागते, आणि शासनाची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालय त्याची दखल घेत नाही. तीन वर्षांच्या शिक्षेकडे पाहून ते कलम मागितले, तर हातचे ३०० सुद्धा सैल पडते.

निवृत्त हवालदार (कराड)

ठाण्यात बरीच वर्षे काढल्यावर सांगतो : माणूस तक्रार द्यायला आला की आधी समोरचा काय बोलला ते सांगतो, कारण लागलेले तेच असते. अंमलदार ते बोलणे लिहितो आणि बोलण्याचेच कलम पडते. आपलेही असेच झाले असावे.

नव्या अर्जात कृती आधी लिहा : कीर्तन किती वाजता सुरू झाले, टेम्पो कधी थांबला, विनंती कोणी केली, वायर कोणी उपसली, कीर्तन पुन्हा कधी उभे राहिले. मोबाइलमधील चित्रीकरण, मंडपाच्या व ध्वनिक्षेपकाच्या परवानगीच्या प्रती जोडा. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. तरीही नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवावी आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्षाची आहे. एनसी कपाटात ठेवून पुढच्या सप्ताहाची वाट पाहू नका.

कृष्णाकाठ (मिरज)

कलम ३०० धर्म पाहत नाही. कीर्तन असो, नमाज असो वा चर्चमधील प्रार्थना, संरक्षण तेच आहे. पण त्यात ‘कायदेशीरपणे’ हाही शब्द आहे आणि आरोपीचा वकील प्रथम त्यावरच बोट ठेवील. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार एरवी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. आपला माइक दहाला बंद होत होता का? मंडपाने अर्धा रस्ता अडवला होता का? राग मानू नये, आमच्या गल्लीतही हेच प्रश्न निघाले होते.

दुसरे असे की, ३०२ चा गुन्हा ज्याच्या भावना दुखावल्या त्याला आपसात मिटवता येतो, ३०० चा येत नाही. उद्या भावकीने समेट केला तरी गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागेल. सांगली-साताऱ्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) झाले म्हणून मुंबईची वारी वाचते, एवढेच.

टाळकरी (तासगाव तालुका)

सर्वांचे आभार. माइकची परवानगी दहापर्यंतच होती आणि प्रकार त्याआधीचा आहे. मंडपाशेजारून ट्रॅक्टर जाईल एवढी वाट मोकळी होती. तिचे छायाचित्र आहे. काल समितीची बैठक झाली. नवरदेवाच्या घरच्यांना यात ओढायचे नाही आणि अर्ज वायर उपसणारा तरुण व टेम्पोचालक एवढ्यांपुरताच द्यायचा, असे ठरले. चालक बाहेरगावचा आहे. त्याचे नाव आम्हाला माहीत नाही. त्यामुळे काही अडेल का?

निवृत्त हवालदार (कराड)

अडत नाही. ‘अनोळखी चालक’ लिहा आणि चित्रीकरणात दिसत असेल तर टेम्पोचा नंबर द्या.