इंजिनिअरच्या परवान्याचा मसुदा : परीक्षा घ्यायची की साइटवर पकडायचं?

कॉलमबीम (सांगली)

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२५ मध्ये प्रोफेशनल इंजिनिअर्स विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी ठेवला. गाभा एवढाच : इंजिनिअरांची राष्ट्रीय परिषद, तिच्याकडे नोंदणी, आणि कामात कसूर झाली तर त्या नोंदणीवर कारवाई. सीएंना १९४९चा कायदा आहे, वकिलांना १९६१चा, आर्किटेक्टना १९७२चा. इंजिनिअर मात्र डिग्री हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘कन्सल्टिंग’ची पाटी लावू शकतो.

माझं मत मसुद्याच्या बाजूने आहे. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (यूडीसीपीआर) स्ट्रक्चरल इंजिनिअरला पदवी आणि ३ वर्षांचा अनुभव लागतो, एमई असेल तर २ वर्षांचा. पण हा अनुभव म्हणजे लेटरहेडवरचा एक कागद. त्या ३ वर्षांत माणसाने स्वतः डिझाइन केलं की दुसऱ्याचे ड्रॉइंग कॉपी केले, हे त्यात कळत नाही. अमेरिकेत पदवीच्या सुमारास एक परीक्षा, मग साधारण ४ वर्षं परवानाधारकाच्या हाताखाली काम, मग दुसरी परीक्षा, आणि त्यानंतर शिक्का. तसं इथे का नको?

दुसरं कारण जास्त तातडीचं आहे. यूडीसीपीआर आल्यापासून १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी. ३०० पर्यंत दहा दिवसांत. म्हणजे सांगली-मिरजेतल्या बहुतेक घरांच्या बाबतीत ऑफिसची चाळणी जवळजवळ उठली आणि सगळा भार सही करणाऱ्यावर आला. मग सही करणारा कोण, हे तपासायला नको?

डिप्लोमा_जत

परीक्षेला विरोध. भीती वाटते म्हणून नव्हे.

जत, आटपाडी, पाटण, माण इथे दोनमजली घराला स्ट्रक्चरल कन्सल्टंट येतच नाही. काम डिप्लोमावाला बघतो, नाहीतर गवंडी आपल्या मनाने करतो. डिप्लोमावाल्याला परीक्षेच्या नावाखाली बाहेर काढलंत तर त्याच्या जागी एमटेक येणार नाही, गवंडी एकटा उरेल.

आणि परीक्षेत काय विचारणार? फ्रेम अ‍ॅनालिसिस? ते सॉफ्टवेअर करतं. घर बिघडतं ते रिंगेच्या (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कडीच्या) हुकात, कव्हरमध्ये (सळईवरच्या काँक्रीटच्या थरात) आणि पाण्याच्या बादलीत. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५ धरलं तर ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी बसतं, त्यातूनही वाळूतली ओल वजा करायची. मिक्सरवाला मात्र स्लॅब पटकन सरकावा म्हणून बादलीवर बादली ओततो. हे थांबवायला माणूस तिथे उभा लागतो, मेरिट लिस्टमधला नंबर नव्हे.

रिंगा_आणि_हुक

दोघांचंही अर्धं पटतं. भांडण कागदावर होतंय म्हणून साइटवर नेमकं काय चुकतं ते लिहितो, म्हणजे परवान्याने काय पकडायला हवं ते दिसेल.

एक, नऊ इंची कॉलम. भिंतीच्या बाहेर कोपरा दिसू नये म्हणून २३० मिमीचा कॉलम मालकाला हवा असतो. आयएस १३९२० या भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी सांगितली आहे. भूकंपाचे झोन ठरवणाऱ्या २०१६च्या आयएस १८९३ नुसार सांगली झोन ३ मध्ये, कोयना-पाटण झोन ४ मध्ये, म्हणजे दोन्हीकडे १३९२० लागू. तरी २३०चे नकाशे जातात, कारण ऑफिसात एफएसआय (चटई क्षेत्र), साइड मार्जिन, पार्किंग बघतात. स्ट्रक्चरच्या नावाने फक्त प्रमाणपत्र जोडलेलं असतं, हिशोब कुणी उघडत नाही.

दोन, हुक. १३५ अंशात वाकवून टोक आत गाभ्यात गेलं पाहिजे, पुढे सळईच्या जाडीच्या सहापट, किमान ६५ मिमी. फिटर ९० अंशावर सोडतो, कारण पटापट बांधून होतं. भूकंपात कव्हर सुटलं की ९०चा हुक उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या जिल्ह्याने पाहिला, तिथे हे परत सांगावं लागतं!

तीन, जॉइंट, म्हणजे कॉलम-बीमचा सांधा. बीमचं स्टील बसवल्यावर कॉलमच्या रिंगा आत सरकवता येत नाहीत, म्हणून तिथे रिंगच नसते. उपाय सोपा आहे : रिंगा आधी कॉलमवर ओवून वर सरकवून ठेवायच्या, बीमच्या सळया घातल्या की खाली आणून बांधायच्या. सेंट्रिंगचा एक तास वाढतो, म्हणून कुणी करत नाही.

चार, काळी माती. मुरूम लागेपर्यंत खोदायला पैसे नाहीत म्हणून चार-पाच फुटांवर फुटिंग (पाया) भरतात. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. काळ्या मातीचा थर खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेला खांबासारखा पाया), तीही किमान साडेतीन मीटर. पण माती तपासलीच नाही तर थर किती खोल आहे हे कळणार कसं?

या चारांपैकी पहिल्याला आणि चौथ्याला डिझाइनचं ज्ञान लागतं, तिथे परीक्षेचा उपयोग आहे. दुसऱ्या-तिसऱ्याला काँक्रीट टाकायच्या आदल्या दिवशीची फेरी लागते. मसुद्यात ‘प्रॅक्टिस’ची व्याख्या करताना ही फेरी कामाचा भाग धरली नाही, तर नुसतं रजिस्टर जाड होईल.

शाळुंका

आर्किटेक्टच्या बाजूने एक इशारा. आमचा कायदा १९७२चा, पण कलम ३७ ‘आर्किटेक्ट’ हे नाव राखून ठेवतं, काम नाही. १७ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने हेच स्पष्ट केलं : नोंदणी नसलेला माणूस स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही, पण त्या स्वरूपाचं काम करायला त्या कलमाने बंदी येत नाही. जवळपास पन्नास वर्षं परिषद, नोंदणी, वार्षिक फी, आणि शेवटी हातात आली ती पाटी.

इंजिनिअरांनी हीच चूक करू नये. सूचना पाठवताना ‘प्रोफेशनल इंजिनिअर या पदवीचे संरक्षण’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या कागदावर नोंदणीकृत माणसाचीच सही चालेल, ते नावानिशी लिहा : स्ट्रक्चरल डिझाइन, माती परीक्षणाचा अहवाल, जुन्या इमारतीचं ऑडिट, स्टॅबिलिटी सर्टिफिकेट.

डिप्लोमा_जत

शाळुंका, म्हणजे आमची पंचाईत दुप्पट. यादी मोठी करत गेलात तर खेड्यातला माणूस प्रत्येक कागदाला वेगळी फी भरणार. घर बांधणारा शेतकरी बजेटमधून आधी कन्सल्टंट कापतो, टाइल्स नाही.

लॉगिन_ओटीपी

खरा रोग अजून कुणी बोललं नाही : भाड्याची सही. बीपीएमएस या ऑनलाइन बांधकाम परवानगीच्या प्रणालीवर नकाशा परवानाधारकाच्या लॉगिनमधून जातो. बरेच ठिकाणी ते लॉगिन ड्राफ्ट्समनकडे असतं, ओटीपी फोनवर विचारतात, सही करणाऱ्याने प्लॉट बघितलेलाही नसतो. मग जोते तपासणी, मग पूर्णत्वाचा दाखला, मग भोगवटा. तिन्ही ठिकाणी तेच नाव, एकदाही न गेलेलं. असा परवाना परीक्षेत पहिला आलेल्याचाही भाड्याने जाईल.

माझी सूचना तीन टप्प्यांची. फुटिंगचं स्टील बांधून झाल्यावर, पहिल्या कॉलम-बीमचं स्टील बांधल्यावर आणि स्लॅब टाकायच्या आधी, परवानाधारकाने स्वतःच्या मोबाइलवरून ठिकाणाच्या नोंदीसह फोटो चढवायचे. फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे, म्हणजे रिंगांचं अंतर कळेल. शिवाय एका नावावर एका वेळी किती साइट चालू शकतात, याला मर्यादा. हा आकडा सगळ्यांना दिसला की भाड्याचा धंदा आपोआप उघडा पडतो.

कॉलमबीम (सांगली)

फोटोचं मान्य, पण फोटो बघणार कोण? कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर आधीच ढीग आहे. त्यापेक्षा क्यूब टेस्टचा (काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद तपासण्याचा) रिपोर्ट सक्तीचा करा. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात प्रमाण दिलेलंच आहे : ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन. एका नमुन्याचे तीन क्यूब, २८ दिवसांनी फोडायचे. आकडा खोटा लिहायला लॅब सामील करावी लागते, ते फोटोपेक्षा अवघड.

लॉगिन_ओटीपी

अवघड नाही. क्यूब साइटवर भरतच नाहीत, लॅबशेजारी चांगल्या मालाचे भरतात. आणि क्यूब चांगला आला म्हणून रिंग बसत नाही.

पूररेषा

सांगलीच्या माणसांनी एक गोष्ट विसरू नये. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर नेलं तर बांधकामाला वाट मिळते. त्यामुळे लोक इमारतच खांबांवर उचलतात : खाली मोकळं पार्किंग, वर भिंतींचे मजले.

पुरासाठी हे बरोबर. भूकंपासाठी हाच खालचा मजला सगळ्यात मऊ, कारण वर विटांनी ताठरपणा येतो आणि खाली तो नसतो. म्हणून आयएस १८९३ अशा मोकळ्या मजल्यात आरसीसी भिंती किंवा ब्रेसिंग मागतो. ते कुठे घालायचं, गाडी कशी वळवायची, पाण्याचा प्रवाह त्या भिंतीवर आदळेल त्याचं काय, हे सगळं एकाच डोक्यात बसावं लागतं. इथे नऊ इंची कॉलमवर सही करणारा नको, डिप्लोमा असो वा डिग्री. सरसकट एकच परवाना ठेवण्याऐवजी जागेच्या जोखमीवर ठेवा : लाल रेषेच्या आत, झोन ४ मध्ये, किंवा खाली मोकळा मजला असेल तर वरचा वर्ग सक्तीचा. जतच्या मुरमावरच्या दोनमजली घराला खालचा वर्ग पुरे.

पेठेतलं_इंटिरिअर (सातारा)

इंटिरिअर डिझायनरला तर कुठलाच कायदा नाही, आणि साताऱ्याच्या पेठांत जास्त नुकसान तिथूनच होतं. जुन्या वाड्यात भार भिंतीवर असतो, भिंत मातीच्या मसाल्यातली. दुकानासाठी पुढची भिंत काढून वर लोखंडी आय-सेक्शन टाकतात, तोही दोन्ही टोकांना जेमतेम चार इंच टेकवून, खाली बेडब्लॉक (भार पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा) न घालता. सगळं वजन त्या टिचभर जागेवर येतं आणि विटांचा भुगा होतो. भिंत काढण्याआधी वरच्या तुळया टेकूंवर घ्यायला हव्यात, ते टेकूही दुकान बंद ठेवावं लागतं म्हणून टाळतात. मसुद्यात ‘डिझाइन व्यावसायिक’ घ्यायचे असतील तर एवढं एकच कलम पुरे : भार घेणाऱ्या भागाला हात लावायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी मंजुरी, आणि ती नसेल तर जबाबदारी डिझायनरची.

डिप्लोमा_जत

पूररेषा यांचे वर्ग मला चालतील, एका अटीवर. खालच्या वर्गात परीक्षा नको. त्याऐवजी दर ३ वर्षांनी दोन दिवसांची साइटवरची चाचणी, कराडच्या शासकीय कॉलेजात किंवा वालचंदला : बांधलेलं स्टील समोर ठेवा, दहा चुका करून ठेवा, आणि त्या शोधायला सांगा. तीही मराठीत.

कॉलमबीम (सांगली)

चाचणीला माझी हरकत नाही, पण मग ती वरच्या वर्गालाही लावा. आणि फी कोण भरणार, ते आधी मसुद्यात लिहून घ्या, नाहीतर खालच्या वर्गाचं नूतनीकरण वरच्यापेक्षा महाग पडेल.