विधानभवनात प्रतिवेदक व्हायचंय, अधिवेशन नसताना काम काय असतं?

प्राची_तासगाव:
नमस्कार. मराठी लघुलेखनाची मिनिटाला 100 शब्दांची परीक्षा पास झाले, 120 ची तयारी चालू आहे. विधिमंडळ सचिवालयात प्रतिवेदक, म्हणजे सभागृहातलं बोलणं शब्दशः लिहून घेणारी, व्हायचं मनात आहे. बाबा म्हणतात, मंत्रालयातलंच बघ, अधिवेशन वर्षातून तीनदा, बाकीचे दिवस काय करशील? मामाचं म्हणणं, सरकार बदललं की तिथली माणसं बदलतात. आत काम केलेलं कुणी आहे का इथे?

जुनी_वही:
प्राची, मी प्रतिवेदक म्हणूनच निवृत्त झाले. मामांचं आधी सांगते. संविधानाच्या अनुच्छेद 187 प्रमाणे विधिमंडळाचा कर्मचारीवर्ग वेगळा असतो. आपल्याकडे विधानसभेचे 288 आणि परिषदेचे 78 सदस्य, दोन्ही सभागृहांचं सचिवालय मात्र एकच. ते अध्यक्ष आणि सभापतींच्या अखत्यारीत येतं, मंत्रिमंडळाच्या नाही. सरकार गेलं की मंत्र्यांच्या दालनातली माणसं जातात. आमची शाखा जागच्या जागी असायची.

आता काम. सभागृहात काही मिनिटांची पाळी असते. पुढची प्रतिवेदक शेजारी येऊन बसते, तिची पेन्सिल चालू झाली की आपण उठायचं आणि खोलीत येऊन लिहिलेलं उतरवायचं. ते पुरतं होतंय तोवर पुन्हा पाळी. त्या कागदावर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असं असतं, पण उद्याचं सगळं त्याच्यावरच उभं राहतं.

एकदा पाणीटंचाईवर चर्चा चालली होती. मंत्री उत्तर देतायत, समोरून दोघं-तिघं उभे राहून बोलतायत. माझ्या वहीत ‘बावन्न गावं’ आलं, पण मन खात होतं. ध्वनिमुद्रण लावून तीनदा ऐकलं. बासष्ट होतं. दहा गावं, प्राची. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे आश्वासन समिती याच कागदावरून विचारते. मी बावन्न ठेवलं असतं तर त्या दहा गावांबद्दल कुणी विचारलंच नसतं. घरी जायला रात्रीचे साडेअकरा झाले, पण त्या दिवशी मला शांत झोप लागली.

हिवाळी अधिवेशन नागपूरला. फायलींच्या पेट्या भरायच्या, मुक्काम 160 खोल्यांच्या गाळ्यांत. माझा मुलगा दहावीत होता तेव्हा डिसेंबरात मी तिकडेच होते. याची घरी आधीच कल्पना दे.

समितीतला_माणूस:
बाबांच्या प्रश्नाचं उत्तर समिती शाखा. सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीचंच घ्या. कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालातला परिच्छेद वाचायचा, खात्याचं स्पष्टीकरण शेजारी ठेवायचं, दोन्हींत कुठे जुळत नाही ते शोधून प्रश्नावली काढायची. मग सचिवांची साक्ष, त्यानंतर अहवालाचा मसुदा. खात्याचे सचिव समोर फायलींचा गठ्ठा घेऊन बसतात आणि आमदारांच्या हातात आपण काढलेली दोन पानं असतात. ती पानं कच्ची असली की साक्ष वाया गेली. हे सगळं अधिवेशन नसतानाच चालतं. त्या साक्षीलाही प्रतिवेदक लागतातच.

मॅडिसनहून:
मी अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहते. इथल्या राज्यात 1901 साली आमदारांसाठी संदर्भ ग्रंथालय सुरू झालं, चार्ल्स मॅकार्थी यांनी ते वाढवलं. आज तिथले वकील कुठल्याही पक्षाच्या आमदाराला विधेयकाचा मसुदा करून देतात, आणि मसुदा कुणी मागितला हे बाहेर सांगत नाहीत. आपल्याकडे अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, आणणाऱ्या नव्या आमदाराला असा हक्काचा भरभक्कम आधार मिळायला हवा असं मला फार वाटतं.

जुनी_वही:
अगदी मनातलं बोललात. विधानभवनातलं ग्रंथालय चांगलं आहे, वि. स. पागे यांच्या नावाचं संसदीय प्रशिक्षण केंद्रही आहे. पण एकेका आमदारामागे बसून अभ्यास करणारी माणसं वाढली पाहिजेत.

प्राची_तासगाव:
ताई, बाबांना सगळं वाचून दाखवलं. ‘बासष्ट’पाशी ते गप्प झाले. 120 साठी सराव कशावर करू?

जुनी_वही:
तयार उतारे थोडे बाजूला ठेव. कामकाजाचं चित्रीकरण लाव आणि प्रश्नोत्तराचा तास लिहून काढ. भाषण एकाच माणसाचं असतं, तिथे कान सवयीने धावतो. प्रश्नोत्तरात खानदेश, कोकण, चंद्रपूर, सगळीकडची बोली एका मिनिटात येते. गावांची नावं वेगळ्या वहीत लिहून पाठ कर. आणि टोक केलेल्या पेन्सिली कायम तीन ठेव.