संग्रहालयशास्त्रासाठी ब्रिटन: विद्यापीठ किती जुने हे पाहावे की विभाग कसा आहे हे?

रावपुरा_वाचक

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इतिहास घेऊन बी.ए. केले आणि सध्या एका खासगी संग्रहातील जुन्या वस्तूंची नोंदवही तयार करण्याचे काम करते आहे. याच कामातून संग्रहालयशास्त्राची ओढ लागली आणि ब्रिटनमध्ये एक वर्षाचा मास्टर्स अभ्यासक्रम करावा असे ठरले. सेंट अँड्र्यूज, ग्लासगो आणि लेस्टर या तीन विद्यापीठांकडून प्रवेशाचे होकार आले आहेत. आता यांतले एक निवडायचे आहे, आणि घरात तीन माणसांची तीन मते आहेत.

बाबांचा कल सेंट अँड्र्यूजकडे आहे. ते १४१३ सालचे, म्हणजे स्कॉटलंडमधले सर्वांत जुने, आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ऑक्सफर्ड व केंब्रिजनंतर वयाने त्याचाच क्रमांक लागतो. बाबा म्हणतात की एवढा पैसा घालून आपण जातोच आहोत, तर पदवीच्या कागदावर असे नाव असावे जे कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. आईला लेस्टर बरे वाटते, कारण तिथे गुजराती वस्ती मोठी आहे, भाषा आपल्याला येतेच, आणि मुलगी अगदीच परक्यांत पडणार नाही. मला स्वतःला ग्लासगोची ओढ आहे, पण ती त्या जुन्या इमारतीमुळे आहे की अभ्यासक्रमामुळे, हे मला नीट सांगता येत नाही, आणि म्हणूनच निर्णय लांबणीवर पडतो आहे.

माझा मुख्य प्रश्न असा की माझ्यासारख्या विषयासाठी विद्यापीठाच्या प्राचीनतेला प्रत्यक्ष किती किंमत द्यावी? ज्यांनी तिथे शिक्षण घेतले आहे किंवा मुलांना पाठवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

क्लाइडकाठ

मी मूळची बडोद्याच्या दांडिया बाजारातली आणि ग्लासगोमध्ये शिकलेली आहे, त्यामुळे माझे मत पूर्ण तटस्थ असेल असा दावा करत नाही, पण जे पाहिले ते सांगते.

आधी त्या इमारतीबद्दल. ग्लासगो विद्यापीठ १४५१ सालचे हे खरे, परंतु छायाचित्रांत दिसणारी मनोऱ्याची भव्य वास्तू त्या काळातली नाही. विद्यापीठ शहराच्या जुन्या भागातून गिलमोरहिलवर आले ते १८७० मध्ये, आणि जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पकाराने मध्ययुगीन धाटणीत ती इमारत उभारली. म्हणजे वयाने ती आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्याहून फार मोठी नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की भिंतींकडे पाहून निर्णय घेऊ नका. संस्था जुनी आहे म्हणून तिने काय जपून ठेवले आहे, आणि जे जपले आहे ते विद्यार्थ्याच्या हातात देते का, हे विचारा. तुमच्या विषयात तर हाच प्रश्न सगळ्यांत मोठा आहे.

ग्लासगोकडे हंटेरियन आहे. शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर १७८३ मध्ये वारले तेव्हा त्यांनी आपला सारा संग्रह विद्यापीठाच्या नावे केला. त्यात नाणी, हस्तलिखिते, चित्रे, शारीर नमुने असे सर्व काही होते, आणि त्यातून १८०७ मध्ये संग्रहालय उघडले. जेम्स वॉटने विद्यापीठासाठी दुरुस्त करायला घेतलेले न्यूकोमेन इंजिनाचे, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या वाफेच्या इंजिनाचे, छोटे प्रतिरूप तिथे आजही आहे. त्याच दुरुस्तीतून वाफेच्या इंजिनातील सुधारणेचा विचार पुढे सुरू झाला. आता हे दालनात काचेआड पाहणे वेगळे आणि भांडारात जाऊन वस्तू हाताळायला शिकणे वेगळे. फोम घातलेल्या ट्रेमध्ये वस्तू कशी ठेवायची, ती उचलताना दांडा किंवा कान धरायचा नाही, तळाला आधार द्यायचा. धातूला हात लावण्याआधी नायट्राइलचे हातमोजे घालायचे, कारण घामातले क्षार धातूवर डाग पाडतात. आणि जुना कागद मात्र बहुतेक वेळा स्वच्छ, कोरड्या हातांनीच धरायचा, कारण हातमोज्यांत बोटांना कडा जाणवत नाही आणि कागद फाटतो. नोंदणी क्रमांक थेट वस्तूवर लिहीत नाहीत. आधी पॅरालॉइड या पारदर्शक, पुन्हा काढता येणाऱ्या रेझिनचा पातळ थर देतात, त्यावर शाईने क्रमांक घालतात आणि वर पुन्हा थर देतात, म्हणजे पुढे कधी तो काढावा लागला तर मूळ पृष्ठभागाला इजा होत नाही. तुम्ही नोंदवहीचे काम करता म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दुसरी गोष्ट शहराची. ग्लासगोच्या नगरपालिकेची संग्रहालये विद्यापीठाच्या अगदी जवळ आहेत आणि त्यांना प्रवेशमूल्य नाही. केल्विनग्रोव्ह तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच केल्विनग्रोव्हमध्ये भारताला सात वस्तू परत करण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यांतल्या सहा एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातील देवळांतून चोरलेल्या होत्या आणि सातवी होती १९०५ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातून चोरलेली तलवार. आपल्या वस्तू तिथे कशा पोहोचल्या, त्यांची कागदपत्रे कशी शोधायची आणि परत करताना नेमके काय करावे लागते, हे प्रश्न तिथे रोजच्या कामाचे आहेत. भारतात परतून संग्रहालयात काम करणाऱ्या माणसाला यापेक्षा उपयोगी काय असेल, मला सांगता येणार नाही. विद्यापीठाने स्वतःच्या इतिहासाबाबतही हे केले आहे. गुलामांच्या व्यापारातून आलेल्या पैशाचा आपल्याला किती लाभ झाला याचा अहवाल त्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या संस्थेत शिकताना तिचे वैभव कुठून आले हेही समजून घ्यावे लागते.

सेंट अँड्र्यूजबद्दल थोडक्यात. गाव लहान, समुद्रकाठचे, अतिशय सुंदर आहे. रेल्वे स्थानक गावात नाही, ल्यूकर्सला उतरून बसने जावे लागते. वॉर्डलॉ हे विद्यापीठाचे स्वतःचे संग्रहालय आहे आणि शांतपणे वाचन करायचे असेल तर यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. पण भाड्याच्या खोल्यांची तिथे फार चणचण असते, तेव्हा वसतिगृहाची हमी मिळते का हे आधी पाहा.

कारेलीबाग_निवृत्त

मी इतिहासाचा निवृत्त अध्यापक. या चर्चेत बडोदेकराने एक गोष्ट आठवणीत ठेवावी असे मला मनापासून वाटते.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि तिथून १९१६ मध्ये लंडनला आल्यावर त्यांनी प्रवेश घेतला तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. ही संस्था १८९५ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे त्या वेळी अवघी २१ वर्षांची. ब्रिटनमध्ये पाचशे-सातशे वर्षांची विद्यापीठे असताना अर्थशास्त्राच्या या विद्यार्थ्याने त्याच विषयासाठी काढलेली तरुण संस्था निवडली. दुसरीकडे श्री अरविंद १४४१ सालच्या किंग्ज कॉलेजात, केंब्रिजला, ग्रीक आणि लॅटिन शिकले आणि १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत आले. त्या विषयांसाठी ते जुने कॉलेज योग्यच होते. दोघांचीही निवड विषयाला धरून होती.

हाच निकष लावला तर लेस्टरकडे केवळ आईची सोय म्हणून पाहू नका. विद्यापीठ म्हणून ते तरुण आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचे स्मारक म्हणून १९२१ मध्ये तिथे कॉलेज निघाले आणि विद्यापीठाची सनद १९५७ मध्ये मिळाली. परंतु त्याचा संग्रहालयशास्त्राचा विभाग १९६६ पासून चालू आहे आणि या विषयात जगभर त्याचा दबदबा आहे. तेथील अध्यापकांनी संपादित केलेले ग्रंथ आपल्याकडच्या अभ्यासक्रमांतही वाचले जातात. २०१२ मध्ये एका वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचे अवशेष सापडले ते याच विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना, आणि दोन वर्षांत त्या जागी अभ्यागत केंद्र उभे राहिले. उत्खननात मिळालेली गोष्ट लोकांपुढे कशी मांडावी, याचा नमुना विद्यार्थ्याला गावातच पाहायला मिळतो. तेव्हा बाबांना सांगा की विद्यापीठाचे वय आणि विभागाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलाखत घेणारा जर संग्रहालयातला जाणकार असेल तर तो विभागाचे नाव आधी ओळखतो.

एक आणखी विचारतो, रागावू नका. आपल्या सयाजीराव विद्यापीठातच १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा विभाग आहे. तिथल्या अध्यापकांना भेटलात का? जायचे असले तरी त्यांचा सल्ला घेऊन जावे. बडोद्यातल्याच अकोटा भागात सापडलेल्या कांस्यमूर्ती कमाटीबागेतल्या संग्रहालयात असताना बडोद्याच्या मुलीने त्यांची ओळख करून न घेता परदेशी जाऊ नये.

अलकापुरी_पालक

माझा मुलगा स्कॉटलंडमध्ये शिकून आला. मी फक्त व्यवहाराचे लिहितो.

व्हिसासाठी पहिल्या वर्षाची शिल्लक फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. त्या काळात एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज अडकतो, म्हणून त्या खात्यातून घरखर्चाचे व्यवहार करूच नका. राहण्याच्या खर्चाचा दर लंडनला जास्त आणि बाहेर कमी धरतात. तुमची तिन्ही ठिकाणे लंडनबाहेरची आहेत हा फायदा आहे. आरोग्य सेवेचा अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड पडतो आणि तो अर्जाबरोबरच भरावा लागतो. अभ्यासक्रम वर्षाचा असला तरी व्हिसा त्याहून काही महिने जास्त मिळतो आणि अधिभार त्या पूर्ण काळाचा लागतो. क्षयरोगाच्या तपासणीचे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त केंद्राचेच चालते.

शिक्षण संपल्यावर काम शोधण्यासाठी ग्रॅज्युएट रूट हा व्हिसा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळतील. संग्रहालयांतल्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, तेव्हा तिथल्या पगारातून कर्ज फिटेल असे धरून हिशोब मांडू नका. बाबासाहेबांचा उल्लेख वर आलाच आहे म्हणून सांगतो, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांनाही १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण मध्येच सोडून परतावे लागले होते, आणि पैशाची जुळवाजुळव करून पुन्हा जायला १९२० उजाडले. सगळ्या वर्षाची तरतूद हाती असल्याशिवाय निघू नये.

शिष्यवृत्त्यांमध्ये ग्रेट स्कॉलरशिप पाहा. ती किमान १०,००० पौंडांची असते आणि फीतून वजा होते. चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. कला आणि वारसा या क्षेत्रांतल्या भारतीयांसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे, तुमच्या विषयाला तो सर्वांत जवळचा. आणि एजंटमार्फत अर्ज केला असेल तर लक्षात घ्या की एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळते. त्याने एखाद्या नावाचा फार आग्रह धरला तर कारण विचारा.

रावपुरा_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, म्युझिऑलॉजी विभागात मी याच आठवड्यात जाऊन येते. बाबांना हे सगळे वाचून दाखवले. लंडन स्कूलची गोष्ट ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले की सेंट अँड्र्यूजचा हट्ट मी सोडतो, पण उरलेल्या दोनांतून निवड कागदोपत्री कारणांनिशी कर. त्यामुळे आता ग्लासगो आणि लेस्टर असे दोनच पर्याय समोर आहेत. दोन्ही विभागांना ईमेल लिहायचे आहे. ताई, नेमके काय विचारू?

क्लाइडकाठ

अभ्यासक्रम-प्रमुखांना थेट लिहा, प्रवेश कार्यालयाला नको. पहिले हे विचारा की वेबसाइटवर दिलेल्या ऐच्छिक विषयांपैकी येत्या वर्षी खरोखर कोणते शिकवले जाणार आहेत आणि ते कोण शिकवणार. सध्या ब्रिटनमधल्या कितीतरी विद्यापीठांत पैशाची ओढाताण चालू आहे, अध्यापकांच्या जागा कमी होत आहेत, आणि ज्यांच्या नावासाठी आपण जातो तेच नसले तर उपयोग नाही. दुसरे, प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या संग्रहालयात प्रत्यक्ष कामाचा अनुभव, विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने शोधायची, ती किती आठवड्यांची असते आणि मागच्या वर्षी विद्यार्थी कुठे कुठे गेले. तिसरे, दक्षिण आशियातील वस्तूंवर प्रबंध करायचा झाला तर मार्गदर्शक कोण, आणि त्यासाठी भांडारात जाऊन वस्तू पाहण्याची परवानगी मास्टर्सच्या विद्यार्थ्याला मिळते का. यासोबत तुमच्या सध्याच्या नोंदणीच्या कामाबद्दल दोन-तीन ओळी जरूर लिहा. उत्तर देणाऱ्याला तुम्ही कोण आहात हे कळले की उत्तर साच्यातले येत नाही.

आताच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलायला मिळेल का, हेही त्याच पत्रात विचारा. आणि डिपॉझिटची शेवटची तारीख दोन्हीकडे वेगळी असू शकते. जिथली आधी आहे तिथे आजच ईमेल पाठवा, आणि उत्तर वेळेत आले नाही तर मुदत वाढवून मागा.