फ्लीसच्या जॅकेटमधून सुटणारं प्लास्टिक: कायद्यानं धरायचं कुणाला?

प्रश्न
नवं फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार कापडाचं, जॅकेट पहिल्यांदा धुताना मशीनच्या सांडपाण्याच्या नळीला जुना सुती रुमाल बांधला. सोडला तर आतून निळ्या लवेचा थर, बोटाला ओल्या कापसासारखा लागणारा. वाळल्यावर भिंगाखाली एकेक तंतू सुटा दिसला. हे सगळं पॉलिस्टर, म्हणजे प्लास्टिकच. आणि रुमालातून निसटलं ते वेगळंच! मन फार अस्वस्थ झालं. मी फिल्टर बसवीनच, पण एकट्यादुकट्यानं करून हे भागणार नाही. नियम कुणावर हवा? वापरणाऱ्यावर, मशीन बनवणाऱ्यावर की गिरणीवर?

उत्तर १
फ्रान्सनं मशीनवाल्यांना धरलं. २०२० च्या कायद्यानुसार जानेवारी २०२५ पासून नव्या मशीनला फिल्टर किंवा तसाच दुसरा उपाय हवा होता, अंमलबजावणी रखडली. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये असंच विधेयक मंजूर झालं, पण ग्राहकांवर बोजा पडेल म्हणून गव्हर्नरांनी ते अडवलं.

उत्तर २
मी कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये काम केलंय. माझ्या मते आधी गिरणी. फ्लीसला ऊब यावी म्हणून तारांच्या रोलरवर कापड खरवडून लव उभी करतात, मग ती कातरतात. कातरलेले तुकडे कापडातच अडकून राहतात, म्हणून पहिल्या काही धुण्यांत सगळ्यात जास्त तंतू सुटतात. तुमच्या रुमालावर आले त्यात हे तुकडेही असणार. गिरणीतच ते शोषून घेतले, कापड एकदा धुतलं, तर ते पाणी एकाच जागी गाळता येतं. लाखो घरांत गाळत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.
तोवर घरी थंड पाणी, छोटी सायकल आणि पुरेसं भरलेलं मशीन. 'डेलिकेट'वर लावू नका. नाव नाजूक असलं तरी त्यात पाणी जास्त, आणि न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात तिथेच जास्त तंतू सुटले.

उत्तर ३
फिल्टर बसवलात तर तो सिंकमध्ये धुऊ नका, सगळं परत गटारातच जाईल. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात बहुतेक तंतू अडकतात खरे, पण ते गाळात बसतात, आणि तोच गाळ अनेक ठिकाणी खत म्हणून शेतात टाकतात.

प्रश्नकर्ता
शेताचं माझ्या ध्यानातच नव्हतं. गिरणीचं पटलं, पण आधीच घरोघरी असलेल्या कपड्यांसाठी मशीनचा नियमही हवाच. रुमाल अजून धुतलेला नाही. लव खरवडून बरणीत भरून ठेवतोय.