तांड्याची चाल गवतावर ठरते

तुमच्या कथेतल्या कल्पित राज्यातली व्यापारी तांड्यांची कंपनी मनापासून आवडली, पण बैलांची रोजची चाळीस मैलांची मजल खटकली. आपल्याकडचे पूर्वीचे लमाणांचे, म्हणजे बैलांवर माल वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे, तांडे बघा. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये आग्रा-पाटणा वाटेवर १४ हजार बैलांचा धान्याचा तांडा भेटला होता. त्यांची दिवसाची चाल जेमतेम ६-७ मैल! कारण बैल वाटेतच चरत. वैरण फुकट, म्हणूनच धान्य-मिठासारखा जड, स्वस्त माल लांबवर नेणं परवडायचं. बायकापोरांसकट सगळा संसार बरोबर. फौजांनाही दाणागोटा हेच पुरवत, त्यामुळे तांड्याच्या नायकाला दुखावणं सेनापतींनाही जड जाई. तुमच्या कथेत लुटारूंऐवजी एक कोरडं वर्ष आणून बघा ना, जेव्हा वाटेवर गवतच उगवलेलं नाही.