गॅरार्ड एसपी २५ चा आर्म रेकॉर्ड संपल्यावर परत येत नाही

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. बाबांचा जुना गॅरार्ड एसपी २५ रेकॉर्ड प्लेअर बारा-तेरा वर्षं माळ्यावर पडून होता, दिवाळीच्या सफाईत खाली काढला. वाजतो छान, पण रेकॉर्ड संपली की आर्म (सुईचा दांडा) आपोआप परत यायला पाहिजे तो येतच नाही, शेवटच्या खाचेत खर्र-टक खर्र-टक करत बसतो. दहादा लावली तर दोनदा उचलतो, त्यातही एकदा आर्म अर्ध्यावर आला आणि रेकॉर्डखालची फिरती थाळीच थांबली. बाबा ७८ वर्षांचे, दुपारी जेवण झालं की नाट्यगीतांची एलपी लावून आरामखुर्चीत पडतात, दुसऱ्या गाण्याला डोळा लागतो, मग सुई तासभर घासत राहते. इथे नागपुरात बर्डीवर एका मेकॅनिकला दाखवलं, त्याने सगळीकडे तेल सोडलं, दोन दिवस चाललं, मग आधीपेक्षा वाईट. आता म्हणतो आर्म आपोआप उचलायची ऑटो यंत्रणा काढूनच टाकू, हाताने उचलत जा. काढू द्यावं का?

तबकडीवाला:
अजिबात काढू देऊ नका भाऊ! काही तुटलेलं नाही, जुनं ग्रीस वाळलंय एवढंच. थाळीखाली एक मोठा गिअर असतो, त्याला एका जागी दातच नसतात, रेकॉर्ड वाजताना ती रिकामी जागा थाळीच्या छोट्या गिअरसमोर असते म्हणून तो हलत नाही. त्या मोठ्या गिअरवर एक छोटी पत्ती आहे. गाणं चालू असताना आर्म हळूहळू सरकतो, तो पत्तीला जरा आत ढकलतो आणि थाळीचा उंचवटा दर फेरीला तिला परत मागे सारतो. शेवटच्या रुंद खाचेत आर्म झपकन आत जातो, मग पत्ती मागे सरायच्या आत त्या उंचवट्याला अडकते आणि गिअर फिरायला लागतो. म्हणजे ही पत्ती नुसत्या फुंकरीने हलली पाहिजे. तुमची नक्कीच चिकटली असणार, त्यात वरून तेल, म्हणजे धूळ आणि तेलाचा चिखलच झाला म्हणा नं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाच्या काड्या घ्या, पत्ती आणि तिची खीळ धुऊन काढा आणि तिथे काहीच लावू नका, कोरडीच ठेवा. ग्रीस फक्त मोठ्या गिअरच्या दातांना आणि त्याच गिअरच्या खालच्या खाचेत, पांढरं लिथियमचं, तेही बोटभर नाही, पुसटसं. नेलपेंट रिमूव्हर चुकूनही वापरू नका, प्लास्टिक विरघळतं.

इतवारी_४४०००२:
दादांनी बरोबर सांगितलं. अर्ध्यावर थाळी थांबते तो मात्र वेगळा आजार, आर्म उचलताना मोटरवर लोड येतो आणि मोटरची पुली आणि थाळी यांच्या मधलं, थाळी फिरवणारं रबरी चाक घसरतं. त्याची कड आणि थाळीची आतली कड अल्कोहोलने पुसा, रबर काचेसारखं चमकत असेल तर बारीक पॉलिश पेपर अगदी हलका फिरवा. थाळी काढताना मधल्या दांड्याची सी-क्लिप (थाळी अडकवून ठेवणारी छोटी कडी) उडते, वर फडकं धरा, माझी कुलरखाली गेली होती, दीड तास शोधली. आधी प्लग काढा, आर्म बांधून ठेवा, प्रत्येक स्टेपचा फोटो. आणि हो, लाइट गेली की आपण तसंच सोडून देतो, तसं करू नका, लीव्हर ऑफवर करा, नाहीतर रबरी चाक पुलीवर दाबलेलं राहून त्याला खड्डा पडतो आणि प्रत्येक फेरीला धप-धप ऐकू येतं.

धरमपेठकर:
काल रात्री बसलो. ग्रीस काय, तपकिरी मेणच झालं होतं, टूथपिकने खरवडावं लागलं. पत्ती बोटाने ढकलली तरी जिथल्या तिथे चिकटून बसत होती, तीनदा धुतल्यावर थाळी हाताने फिरवली तेव्हा टिक करून मागे गेली. रबरी चाकही पुसलं. आज दुपारी एलपीच्या दोन्ही बाजू लावून पाहिल्या, दोन्ही वेळा आर्म आपोआप उचलून स्टँडवर गेला आणि मोटर बंद. दुसऱ्या वेळी बाबा झोपलेलेच होते. मोटरच्या बुशला (दांडा फिरतो त्या बेअरिंगला) शिवणमशीनचं तेल चालतं का, आणि किती थेंब?

तबकडीवाला:
वा भाऊ! चालतं नं, वरच्या-खालच्या बुशला एकेक थेंब, पुली आणि रबरी चाकावर उडालं तर लगेच पुसून घ्या.